पहिला ओव्हरक्लॉक पीसी: प्रोसेसर आणि रॅम जोडीनंच निवड

विचारणारा मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, राहतो कोल्हापुरात शिवाजी पेठेत. दिवसा सॉलिडवर्क्स आणि ब्लेंडर, रात्री व्हॅलोरंट. ग्राफिक्स कार्ड त्याच्याकडे आहे. प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि कूलर घ्यायचाय, आणि ओव्हरक्लॉक करायचंय, म्हणजे हे भाग कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर चालवायचेत. त्याचा प्रश्न असा: "दादा, पहिल्यांदाच ओव्हरक्लॉक करणार आहे. आय५ १४६००के घेऊ की रायझन ५? रॅम ७२०० ची घेतली तर जास्त पळेल ना? आणि आठ-आठ जीबीच्या चार स्टिक लावल्या तर चालतील का? चारही स्लॉट भरलेले भारी दिसतात."

भावा, आधी थेट उत्तर घे. रायझन ५ ७६०० किंवा ९६००एक्स, बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा बोर्ड, आणि सोळा-सोळा जीबीच्या दोन स्टिक: डीडीआर५, वेग ६०००, सीएल३० (मागितलेला डेटा द्यायला रॅम किती क्लॉक घेते तो आकडा, लहान तेवढा चांगला), पाकिटावर एक्स्पो (एएमडीसाठीचं रॅमचं तयार वेगवान सेटिंग) लिहिलेल्या. ७२०० नको, चार स्टिक तर नकोच. आता का ते सांगतो, कारण नुसती यादी घेऊन दुकानात गेलास तर तिथं कुणीतरी "हे स्टॉकमध्ये नाही, हे घ्या, सेमच आहे" म्हणणार, आणि काय सेम आहे नि काय नाही हे तुला कळायला पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की प्रोसेसर आणि रॅम या दोन वेगळ्या खरेदी नाहीत. मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग, प्रोसेसरच्या आतच असतो. रॅमच्या पाकिटावर ७२०० छापलंय म्हणजे त्या स्टिकवरच्या चिप तेवढ्या वेगाने चालतात, एवढीच ती हमी. तुझ्या प्रोसेसरमधला कंट्रोलर तो वेग पेलेल असं त्या पाकिटावर कुठंच लिहिलेलं नसतं. दुकानातून महागडी रॅम घेऊन आलेली आणि तिच्या निम्म्या गुणांवर चालवत असलेली माणसं मी नेहमी बघतो, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण तेच पैसे चांगल्या कूलरला किंवा एसएसडीला लागले असते.

प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून काय मिळतं याचाही हिशेब आधी मांडू. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए यायचा. बस, म्हणजे प्रोसेसरला मिळणारा मूळ क्लॉक, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर चालायचा, फुकटात दीडपट. २०११ च्या आय५ २५००के पर्यंतसुद्धा ३.३ गिगाहर्ट्झची चिप ४.५ च्या आसपास आरामात जायची. आज कंपन्या चिप कारखान्यातच जवळजवळ टोकापर्यंत ताणून देतात. ७६०० चा बूस्ट, म्हणजे तो आपोआप गाठतो तो कमाल वेग, मुळातच ५.१ गिगाहर्ट्झ आहे. एएमडीच्या पीबीओ सेटिंगमधून त्यावर जास्तीत जास्त २०० मेगाहर्ट्झ वाढवता येतात, म्हणजे चार टक्क्यांच्या आत-बाहेर. गेममध्ये तेवढाही फरक दिसेलच असं नाही.

मग शिकायचं कशासाठी? कारण फायदा आता दोन दुसऱ्या जागी आहे. एक, व्होल्टेज कमी करण्यात. प्रोसेसर किती वीज खातो हे व्होल्टेजच्या वर्गावर (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) ठरतं, त्यामुळे व्होल्टेज थोडं जरी उतरलं तरी उष्णता चांगलीच उतरते, आणि आजचा प्रोसेसर थंड राहिला की आपोआप जास्त वेळ वरच्या क्लॉकला राहतो. दोन, मेमरीच्या लेटन्सीत, म्हणजे डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतच्या विलंबात. व्हॅलोरंटसारखा गेम ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतो, आणि तिथं लेटन्सी उतरवलेली फ्रेममध्ये दिसते. तुझी निवड या दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून करायची.

आता १४६००के कडे ये. प्रोसेसर म्हणून तो दमदार आहे: सहा मोठे, आठ छोटे असे चौदा कोअर, आणि प्रोसेसरवर रेंडर करायचं असेल तर ७६०० च्या पुढं जातो. पण इंटेलमध्ये मल्टिप्लायर (मूळ क्लॉकला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) हलवायचा तर प्रोसेसर 'के'चा लागतो आणि बोर्डही 'झेड' चिपसेटचा. बी७६० बोर्डावर १४६००के बसतो, चालतो, रॅमचा वेगही वाढवता येतो, पण प्रोसेसरचा मल्टिप्लायर जागचा हलत नाही. 'के'चे जादा पैसे देऊन बी७६० घेतलेली जोडी म्हणजे ज्यासाठी पैसे दिले तेच कुलपात. झेड७९० घेतलास तर बोर्डाचा खर्च वाढतो, शिवाय पूर्ण लोडला १८१ वॅटपर्यंत जाणारी चिप थंड ठेवायला कूलर मोठा लागतो.

आणखी एक गोष्ट आहे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जाऊन चिप हळूहळू झिजण्याचा प्रश्न निघाला होता. कंपनीने २०२४ मध्ये तो मान्य केला, ऑगस्टमध्ये ०x१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती) दिला, सप्टेंबरमध्ये त्याची पुढची आवृत्ती दिली आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्याच्याकडे हे प्रोसेसर आहेत त्याने बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून निवांत वापरावेत. पण व्होल्टेजशी खेळायला नुकतंच शिकणाऱ्याने व्होल्टेजचाच इतिहास असलेली चिप घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सेकंडहँड तर अजिबात नको, कारण आधीच्या मालकाने ती जुन्या बायोसवर किती तापवली हे बाहेरून कळत नाही.

तुझ्या कामाचं म्हणशील तर सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल रिबिल्ड होताना बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं, आणि ब्लेंडरचं सायकल्स रेंडर तू ग्राफिक्स कार्डावरच टाकणार. त्यामुळे चौदा कोअर बराच वेळ बसूनच राहणार. कोअर वाढवायचेच असतील तर आठ कोअरचा रायझन ७ ७७०० घे. तोही ६५ वॅटचाच आहे.

एएम५ सॉकेटवर, म्हणजे हे रायझन ज्यात बसतात त्यावर, जवळजवळ सगळे रायझन खुले, मल्टिप्लायर हलवता येणारे मिळतात. ७८००एक्स३डी वर मल्टिप्लायर बंद आहे, ९८००एक्स३डी वर उघडा आहे, पण ते तुझ्या बजेटच्या वरचे. बोर्डात मात्र लक्ष ठेव: ए६२० चिपसेटवर रॅमचं एक्स्पो चालतं, प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग चालत नाही. म्हणून बी६५० पासून सुरुवात. बोर्डाच्या मागं बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर तोच घे. बायोस बिघडला तरी पेन ड्राइव्हवरून पुन्हा घालता येतो, आणि शिकणाऱ्याला ही सोय आरजीबी लाइटपेक्षा शंभर पटींनी कामाची.

"सेमच आहे" म्हणून जे हमखास पुढं केलं जातं ते म्हणजे रायझन ५ ८४००एफ. कोअर सहाच, नाव त्याच घराण्यातलं, आकडा ७६०० पेक्षा मोठा. पण एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, १६ एमबी. ७६०० मध्ये ती ३२ एमबी आहे. गेमिंगला हा फरक जाणवतो. शिवाय नावात शेवटी 'एफ' असला की आतलं ग्राफिक्स नसतं. ७६०० मध्ये छोटं का होईना पण असतं. सेटिंग बदलल्यावर स्क्रीन काळी झाली तर कार्ड काढून केबल थेट बोर्डाला लावून बघता येतं की दोष नक्की कुठं आहे. पहिल्या बिल्डला हे हवंच.

आता रॅम. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण खरी माती इथं खातात.

पाकिटावर दोन आकडे बघायचे: वेग आणि सीएल. सीएलला २००० ने गुणायचं आणि वेगाने भागायचं, उत्तर नॅनोसेकंदात येतं. ६००० सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद. ६००० सीएल३६ म्हणजे १२. ५२०० सीएल४० म्हणजे १५ च्या वर. आणि जुनी डीडीआर४ ३२०० सीएल१६? तीही १०. म्हणजे डीडीआर५ घेतली म्हणून लेटन्सी सुधारली असं होत नाही. स्वस्तातली डीडीआर५ तुझ्या जुन्या डीडीआर४ पेक्षा या बाबतीत मागं असू शकते. तिचा फायदा बँडविड्थचा, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो त्याचा असतो.

पण रायझनवर त्या बँडविड्थलाही मर्यादा आहे. दोन चॅनेलवर ६००० चालली की कागदावर सेकंदाला ९६ जीबी होतात. प्रोसेसरचे कोअर ज्या तुकड्यावर आहेत तो मेमरी कंट्रोलरशी इन्फिनिटी फॅब्रिकने जोडलेला असतो. ते फॅब्रिक साधारण २००० मेगाहर्ट्झवर चालतं आणि एका क्लॉकला ३२ बाइट वाचतं, म्हणजे सेकंदाला ६४ जीबी. सहा-आठ कोअरच्या रायझनमध्ये असा तुकडा एकच असतो. रंकाळ्याच्या सांडव्यातून जेवढं पाणी जातं तेवढंच जाणार, वर पाऊस कितीही पडो. म्हणून ६००० च्या वरचा वेग तिथं फारसा पोचतच नाही.

७२०० घेतलीस तर याहून वाईट होतं. ६००० पर्यंत मेमरी आणि मेमरी कंट्रोलर एकास एक पळतात. नशिबाने चांगली चिप मिळाली तर ६४०० पर्यंतही. त्याच्या पुढं गेलं की बोर्ड आपण होऊन कंट्रोलर निम्म्या वेगावर टाकतो आणि लेटन्सी वाढते. टास्क मॅनेजरमध्ये ७२०० दिसतं, मन खूश होतं, आणि गेममध्ये ६००० सीएल३० पुढं असते. इंटेलवर गणित वेगळं आहे, तिथं ७२०० ला अर्थ आहे. म्हणूनच म्हटलं, जोडीनं निवड.

चार स्टिकचं आता. शिरोली एमआयडीसीत डाय डिझाइन करणाऱ्या एका मुलाचा पीसी माझ्या टेबलावर आला होता. चार स्टिक, चारही ६००० च्या, दोन वेगवेगळ्या पाकिटांतल्या, एक्स्पो चालू. तक्रार अशी की सॉफ्टवेअर मधूनच बंद पडतं आणि सेव्ह केलेली फाइल कधी कधी उघडतच नाही. त्याने विंडोज दोनदा टाकून बघितलं होतं आणि आता एसएसडीवर संशय होता. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅमच्या चुका शोधणारं सॉफ्टवेअर लावलं. पहिला पास पुरा व्हायच्या आत लाल ओळी यायला लागल्या. प्रोसेसरकडून मोजत पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटमधल्या स्टिक काढल्या, दुसऱ्या आणि चौथ्यात एकाच पाकिटातली जोडी ठेवली, बाकी काहीही न बदलता रात्रभर चाचणी चालू ठेवली. सकाळी एकही चूक नव्हती. रॅम चांगली होती, एसएसडी चांगली होती. एएमडीच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे रायझन ७००० ला दोन स्टिकवर ५२०० ची हमी आहे आणि चार स्टिकवर फक्त ३६०० ची. चारही ठेवून ६००० मागणं म्हणजे हमीपेक्षा दोन तृतीयांश जास्त मागणं होतं. त्या मुलाच्या ज्या फाइल बिघडून सेव्ह झाल्या होत्या त्या मात्र परत आल्या नाहीत.

अस्थिर रॅम अशी शांतपणे नुकसान करते. डीडीआर५ मध्ये ईसीसी असते म्हणून निर्धास्त राहू नकोस. ती चिपच्या आतल्या चुका दुरुस्त करते, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत झालेल्या चुका नाही. तुझं तिसऱ्या वर्षाचं प्रोजेक्ट या मशीनवर असणार, तेव्हा पीसीबाहेर त्याची प्रत ठेव.

आठ-आठच्या दोन घेऊन नंतर अजून दोन घेईन, हाही विचार सोडून दे. एक तर पुन्हा चार स्टिकच होतात. दुसरं म्हणजे ८ जीबीच्या डीडीआर५ स्टिकवर चिप कमी आणि रुंद असतात, त्यात बँक ग्रुप (चिपमधले डेटाचे कप्पे) निम्मे असतात, त्यामुळे त्या १६ च्या स्टिकपेक्षा मुळातच थोड्या मंद. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव भडकलेत हे खरं आहे. चिप बनवणाऱ्या कारखान्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला, आणि मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पैसे कमी पडले तर सोळा-सोळाची सीएल३६ घे, सीएल३० चा हट्ट सोड. दोन नॅनोसेकंद गेले तर चालतील, क्षमता गेलेली चालणार नाही. मोठी असेम्ब्ली उघडलीस की १६ जीबी भरायला वेळ लागत नाही.

आता आपल्या हवेबद्दल, कारण परदेशातले व्हिडिओ बघून सेटिंग लावणाऱ्यांचं इथंच फसतं. डिसेंबरच्या रात्री तुझ्या खोलीत २० अंश असतील, एप्रिलच्या दुपारी बाहेर ३७-३८ आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत त्याहून जास्त. खोली जेवढे अंश तापते जवळजवळ तेवढेच अंश आतले भाग तापतात. थंडीत पास झालेलं सेटिंग उन्हाळ्यात पास होईलच असं नाही, आणि रॅम याबाबतीत प्रोसेसरपेक्षा नाजूक. ७६०० ची मर्यादा ९५ अंश आहे, तिथं तो स्वतःच वेग कमी करून सांभाळतो. रॅम तसं काही करत नाही, ती चुका करते. डीडीआर५ च्या स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो, एचडब्ल्यूइन्फो मध्ये आकडा दिसतो. टायमिंग घट्ट केलेली रॅम ५० अंशांच्या आत ठेवायचा प्रयत्न कर. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट तिच्यावर जाते, म्हणून पुढून हवा आत घेणारे दोन पंखे आणि मागून एक बाहेर टाकणारा एवढं हवंच. ७६०० च्या खोक्यात येणारा कूलर काम भागवतो, पण चार हीटपाइपचा साधा टॉवर कूलर घेतलास तर आवाज आणि तापमान दोन्ही उतरतं. ९६००एक्स बरोबर कूलर येत नाही, तो धरूनच बजेट कर. उद्यमनगरात किंवा शिरोलीत वर्कशॉपला लागून केबिनमध्ये पीसी ठेवणाऱ्यांनी पुढच्या जाळीला फिल्टर लावावा. ग्राइंडिंगची धूळ लोखंडी असते, वीज वाहते, आणि बोर्डावर साचली की काय होईल ते वेगळं सांगायला नको.

जोडणी झाल्यावर पहिल्यांदा चालू करशील तेव्हा पंखे फिरतील, बोर्डावरचा 'डीरॅम' लिहिलेला दिवा लागून राहील आणि स्क्रीन काळीच असेल. घाबरून बटण दाबू नकोस. एएम५ रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे तिच्याशी जुळणारं टायमिंग शोधत असतो, पहिल्या वेळी त्याला काही मिनिटं लागतात. चहा पिऊन ये.

विंडोज मूळ सेटिंगवरच टाक, एक्स्पो लावून नाही. मग बायोस अद्ययावत कर. मग एक्स्पो चालू कर आणि प्रोसेसरला हात न लावता रॅमची चाचणी घे: रात्रभर मेमटेस्ट८६, दुसऱ्या दिवशी विंडोजमध्ये टेस्टमेम५. बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर नावाचं सेटिंग असतं, ते चाचणीच्या दिवसांत बंद ठेव. त्याने बूट लवकर होतो पण ट्रेनिंग टाळलं जातं. एसओसी व्होल्टेज, म्हणजे मेमरी कंट्रोलरला मिळणारं व्होल्टेज बघ. १.२ ते १.२५ च्या दरम्यान असावं, १.३ च्या वर कधीही नको. २०२३ मध्ये काही बोर्डांवर हे व्होल्टेज जास्त जाऊन ७८००एक्स३डी जळाले होते, त्यानंतर एएमडीने १.३ ची मर्यादा घातली. नवा बायोस घालायचं मोठं कारण हेच.

रॅम पक्की झाल्यावरच कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे कोअरचं व्होल्टेज उतरवणारं बायोसमधलं सेटिंग. सगळ्या कोअरना उणे १० दे, चालला तर उणे १५, मग २०. इथं एक गोष्ट नव्या माणसाला चकवते. प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारी सिनेबेंच चाचणी पास होते, तासभर पूर्ण लोडला मशीन हलत नाही, आणि मग यूट्यूब बघताना अचानक रिस्टार्ट होते. कारण पूर्ण लोडला क्लॉक खाली असतो. व्होल्टेज कमी पडतं ते एखादाच कोअर हलक्या कामात सर्वोच्च बूस्टला जातो तेव्हा. म्हणून कोअरसायकलर वापर, ते एकेका कोअरला वेगळं तपासतं. जो कोअर पडेल त्याचा आकडा पाचाने मागं घे, बाकीचे राहू देत. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाची (हार्डवेअरच्या चुकीची) नोंद दिसली तर मशीन बंद पडली नसली तरी सेटिंग नापास धरायचं.

रॅम आणि प्रोसेसर एकाच वेळी कधीही बदलू नकोस. दोन्ही हलवलेस आणि मशीन पडली तर दोष कुणाचा ते शोधण्यात आठवडा जाईल.

विजेचं थोडक्यात. पावसाळ्यात आपल्याकडं लाइट जाते-येते, आणि बायोस घालताना गेली तर बोर्ड अडकतो. यूपीएस लाव, पण ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डासकट तो लोड पेलेल का हे कार्डाचे वॅट बघून ठरव. तुमच्या भागातल्या जुन्या घरांत अर्थिंग आहे का हे वायरमनकडून तपासून घे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ओव्हरक्लॉकिंग बाजूला, आधी ते.

खरेदीला जाताना: रॅमची जोडी एकाच सीलबंद पाकिटातली, जीएसटीचं पक्कं बिल, आणि पाकिटावरचा पार्ट नंबर बोर्ड कंपनीच्या सुसंगत मेमरीच्या यादीत आहे का ते आधी घरी बघून. टायमिंग ३०-३६-३६ आणि १.३५ व्होल्ट दिसलं की बिनधास्त घे. फक्त 'एक्सएमपी' (एक्स्पोसारखंच इंटेलचं सेटिंग) लिहिलेली रॅमही एएमडीवर बहुतेकदा चालते, पण त्याच भावात एक्स्पोची मिळत असेल तर तीच. ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान प्रोसेसरच्या वॉरंटीत बसत नाही, आणि एएमडीच्या लेखी एक्स्पोही ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे माहीत असू दे. बोर्ड ठरला की त्याचं पूर्ण नाव आणि तुझ्या ग्राफिक्स कार्डाचं मॉडेल कळव. पॉवर सप्लाय किती वॅटचा घ्यायचा ते त्यावरून सांगतो.